उसना शब्द, उसना अभिमान

१ नोव्हेंबर १८९४ रोजी क्वीन्सबेरीच्या मार्क्विसने, म्हणजे एका बड्या ब्रिटिश उमरावाने, आपल्या पहिल्या बायकोच्या वडिलांना एक पत्र लिहिलं. त्याचा थोरला मुलगा दोन आठवड्यांपूर्वीच बंदुकीची गोळी लागून गेला होता. शिकारीतला अपघात, असं जाहीर झालं. कुजबुज मात्र वेगळीच होती, कारण हा मुलगा लॉर्ड रोझबेरींचा खासगी चिटणीस होता आणि त्या दोघांविषयी लोक बोलत असत. रोझबेरी तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते. मुलगा गेल्याच्या संतापात बापाने त्या पत्रात रोझबेरींसारख्या ‘स्नॉब क्विअर्स’च्या नावाने लाखोली वाहिली. समलिंगी पुरुष या अर्थाने ‘क्विअर’ वापरल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून बहुतेकदा याच पत्राकडे बोट दाखवलं जातं. पुढच्या फेब्रुवारीत याच मार्क्विसने लेखक ऑस्कर वाइल्डच्या क्लबात त्याच्यावर समलिंगीपणाचा आरोप करणारं ते कुप्रसिद्ध कार्ड ठेवलं. त्यातून खटले उभे राहिले आणि मे १८९५ मध्ये वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. (मुष्टियुद्धाचे सभ्य नियम ज्याच्या नावाने ओळखले जातात, तो हाच गृहस्थ. कार्डावरची मुख्य शिवी त्याला नीट लिहिताही आली नव्हती.)

आता १७ ऑक्टोबर २०२३. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय समलिंगी विवाहाच्या याचिकांवर निकाल देतं. विवाहाचा हक्क मिळत नाही. पण सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात ‘क्विअर’ हे विशेषण पुन्हा पुन्हा येतं, आणि आदराने येतं. ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचा विचार आहे, असा केंद्र सरकारचा युक्तिवाद होता. क्विअर असणं ही शहरी गोष्ट नाही आणि उच्चभ्रूही नाही, असं उत्तर सरन्यायाधीशांनी त्याला दिलं.

एका चिडलेल्या उमरावाच्या तोंडची शिवी सव्वाशे वर्षांत सर्वोच्च न्यायालयाच्या लेखी सन्मानाचं विशेषण झाली. ही गोष्ट सहसा विजयगाथा म्हणून सांगतात. मला ती अर्धीच पटते. मराठी वर्तमानपत्रं, महाविद्यालयं आणि संस्था आता समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांना मिळून ‘क्विअर समुदाय’ असं सर्रास लिहू लागल्या आहेत, म्हणून हा विषय काढला. ज्याला स्वतःला क्विअर म्हणवून घ्यायचं आहे, त्याचा तो हक्क निर्विवाद आहे. मात्र इतरांनी हे विशेषण सरसकट सगळ्यांना लावू नये, असं माझं मत आहे. मराठीत तर ते लावून आपण आपल्या वाट्याचं एक अवघड काम टाळतो आहोत.

शब्दाचं मूळ कोशकारांनाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो स्कॉटलंडच्या बोलीत दिसतो. जर्मनमध्ये ‘क्वेर’ म्हणजे आडवा, तिरपा, त्यावरून तो आला असावा असा एक तर्क आहे. अर्थ साधा होता: विचित्र, तऱ्हेवाईक, जरा संशयास्पद. त्याच शतकात लंडनच्या चोरभामट्यांच्या सांकेतिक बोलीतही असाच एक शब्द सापडतो, तिथे त्याचा अर्थ वाईट, खोटं, बनावट. त्याच्या उलट ‘रम’ म्हणजे चांगलं, उंची. गंमत म्हणजे पुढे ‘रम’ही घसरला आणि सभ्य इंग्रजीत तोही ‘विचित्र’च्या रांगेत येऊन बसला. क्विअरला मात्र बनावटपणाचा वास बराच काळ चिकटून राहिला. बनावट पैशालाच ‘क्विअर’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात कुणी ‘क्विअर स्ट्रीट’वर राहायला गेला म्हटलं की तो कर्जात बुडाला असं समजायचं.

दुसरीकडे हाच शब्द अगदी घरगुतीही होता. भोवळ आली, मळमळलं, की इंग्रज माणूस ‘मला क्विअर वाटतंय’ म्हणे. यॉर्कशरच्या बोलीत एक म्हण आहे, जगात माणसांइतकं क्विअर दुसरं काही नाही, आणि तिच्यात हेटाळणीपेक्षा कौतुकच जास्त आहे. आपल्याकडे इंग्रजी शाळांतून गेलेल्या कितीतरी मुलांना हा शब्द पहिल्यांदा भेटला तो एनिड ब्लायटनच्या गोष्टींत. तिथे तळघरातून क्विअर आवाज येतो, कुणी क्विअर म्हातारा भेटतो, आणि कुणी कुणावर प्रेम करतं याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

मग तो शिवी कसा झाला? ज्याने-त्याने सरळ चालावं असा आग्रह असणाऱ्या समाजात ‘तिरपा’ हे विशेषण माणसांना लागायला वेळ लागत नाही. ते आश्चर्य नाही. आश्चर्य वाटतं ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या न्यूयॉर्कमध्ये जे घडलं त्याचं. इतिहासकार जॉर्ज चॉन्सी यांनी त्या काळच्या समलिंगी पुरुषांचं जग तपशीलवार अभ्यासलं. त्यातून असं दिसतं की पुरुषांवर प्रेम करणारे, पण चालण्या-बोलण्यात बायकी नसलेले अनेक पुरुष स्वतःला ‘क्विअर’च म्हणवून घेत. नटूनथटून मिरवणाऱ्यांना ‘फेअरी’ म्हणत, आणि आपण त्यांतले नाही हे सांगण्यासाठी यांना क्विअर हा शब्द सोयीचा होता. नंतरच्या पिढीला तो अपमानास्पद वाटू लागला. तिने ‘गे’ हा शब्द उचलला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तोच पुढे आला.

‘शिवी हिसकावून घेतली आणि अभिमानाची केली’ ही आज सगळीकडे सांगितली जाणारी सुटसुटीत कथा त्यामुळे जरा विसविशीत होते. हा शब्द आधीही काहींचा स्वतःचा होता. त्यांच्याच पोटातल्या तरुणांनी तो टाकला, त्यांच्या नातवंडांनी पुन्हा उचलला. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं. न्यूयॉर्कच्या क्विअरांना तो हवा होता त्यामागे फेअरींविषयीचा तुच्छभावही होता, हे विसरू नये. स्वतःला दिलेलं नाव निष्पाप असतंच असं नाही.

युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये मात्र हा शब्द निव्वळ मार झाला. १८८५ च्या ज्या कायद्याने वाइल्डला तुरुंगात धाडलं, त्याच कायद्याखाली १९५२ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग दोषी ठरला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ साली एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांचा खासगीतला संबंध गुन्हा राहिला नाही, पण रस्त्यावरचं वातावरण काही त्यामुळे बदललं नाही. टोळक्याने गाठून समलिंगी पुरुषांना बडवणं याला तिथल्या इंग्रजीत नावच पडलं होतं, ‘क्विअर-बॅशिंग’. त्या काळात विशीत असलेले लोक आज ऐंशीच्या घरात आहेत. एखाद्या उत्साही संस्थेच्या पत्रकात आपला उल्लेख ‘क्विअर ज्येष्ठ’ असा झाल्यावर त्यांच्यातला एखादा म्हणतो, हे नाव मला नको. त्यावर तरुण कार्यकर्ते त्याला समजावू लागतात की काका, आता याचा अर्थ बदलला आहे. अर्थ बदलला असेल, पण त्याच्या कानातला शब्द बदललेला नाही, आणि तो बदलून घ्यायला तो बांधील नाही.

१९९० चं न्यूयॉर्क या गोष्टीत महत्त्वाचं आहे. एड्सने माणसं मरत होती, सरकार थंड होतं. त्यासाठी १९८७ मध्ये उभ्या राहिलेल्या ॲक्ट अप या आक्रमक संघटनेतल्या काही कार्यकर्त्यांनी मार्च १९९० मध्ये ‘क्विअर नेशन’ ही नवी संघटना काढली. त्याच जूनमध्ये शहरातल्या प्राइड मोर्चात एक निनावी पत्रक वाटलं गेलं. हाच शब्द का, याचं त्यात दिलेलं कारण मला आजही पटतं. त्याचा आशय असा: ‘गे’ म्हणजे आनंदी, पण सकाळी उठल्यावर आम्हाला आनंद होत नाही, राग येतो, किळस येते. म्हणून आम्ही खरखरीत शब्द घेतो, शत्रूच्या हातातलं हत्यार चोरून त्याच्यावरच उगारतो. तो सगळ्यांना एका नावाखाली घालणारा गोड शब्द नव्हताच. तो चिडलेल्या माणसांनी स्वतःहून अंगावर घेतलेला शब्द होता आणि त्याची धार रागात होती.

ती धार किती टिकली? त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेसाठी तेरेसा दे लॉरेतिस या विदुषीने ‘क्विअर थिअरी’ हा शब्दप्रयोग घडवला. चारच वर्षांत, १९९४ मध्ये, त्यांनी स्वतःच त्यापासून हात झटकले. प्रकाशन व्यवसायाने जन्माला घातलेला, वैचारिकदृष्ट्या पोकळ प्राणी, असं त्याचं वर्णन त्यांनी केलं. पुढे हा शब्द टीव्ही मालिकांच्या नावांत शिरला, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात गेला आणि दरवर्षी जून महिन्यात इंद्रधनुषी बोधचिन्ह लावणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातीत पोचला. कंपनीच्या जाहिरातीत राग कसा मावणार? तिथे उरतं ते एक गुळगुळीत सामूहिक नाव, ज्यात जमेल त्याला घालता येतं.

आपल्याला हे समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. नाव कुणी द्यायचं आणि कुणी घ्यायचं, ही लढाई महाराष्ट्रात फार आधी लढली गेली आहे. १९३८ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेत एका विधेयकात ‘हरिजन’ हा शब्द आला. भाऊराव गायकवाडांनी त्याला आक्षेप घेतला. तो मानला गेला नाही, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. शब्द किती गोड होता! देवाची माणसं. पण तो वरून दिलेला होता. त्याच्या उलट १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी आपल्या संघटनेच्या नावात ‘दलित’ लिहिलं. दळलेला, भरडलेला असा त्या विशेषणाचा कडू अर्थ, आणि तो त्यांनी ताठ मानेने वागवला. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणा, अशी सूचना केली. घटनेतली संज्ञा म्हणून ती बिनचूकच होती, तरी कार्यकर्ते खवळले, आणि योग्यच खवळले. शब्द गोड आहे की कडू, अचूक आहे की ढोबळ, हा प्रश्न दुय्यम असतो. तो कुणाच्या तोंडून कुणासाठी निघतो, हे आधी पाहावं लागतं.

मात्र हा दाखला ‘क्विअर’ला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि माझ्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे. ‘दलित’ मराठीच्या पोटातला शब्द होता. त्यातला दळण्याचा अर्थ जात्यावर बसलेल्या बाईलाही कळत होता. ‘क्विअर’ने मराठी माणसाला कधी मारलेलंच नाही. कुठल्या गावच्या पारावर कुणी पोराला ‘ए क्विअर’ म्हणून हाक मारली? तिथे शब्द आहेत ‘बायल्या’, ‘छक्का’. जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीत जो मुलगा रोज हे ऐकतो, त्याच्यासाठी ‘क्विअर’ हा इंग्रजीच्या पुस्तकातला एक अनोळखी शब्द आहे. जखम एका भाषेत झाली आणि अभिमान दुसऱ्या भाषेतून मागवला. न्यूयॉर्कच्या पत्रकातलं सगळं तर्कशास्त्र शिवीच्या ओळखीवर उभं होतं. ती ओळख इथे नाही. मराठी वाक्यात ‘क्विअर’ लिहिणाऱ्याला काही हिसकावून घ्यावं लागत नाही, तो नुसता अद्ययावत दिसतो.

यावरचा प्रतिवाद मला माहीत आहे, आणि तो हलका नाही. उसना शब्द दुखत नाही, हाच त्याचा गुण, असं अनेक तरुण सांगतात. ज्या भाषेत शिव्या खाल्ल्या त्याच भाषेत स्वतःविषयी पहिलं वाक्य उच्चारणं फार कठीण असतं. इंग्रजी शब्द आला की श्वास घ्यायला थोडी जागा मिळते. शिवाय ज्यांना समलिंगी, उभयलिंगी असल्या खणांत बसायचं नाही, त्यांना एक मोकळा शब्द हवा असतो. हे मी मानतो. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी जो पहिला ‘क्विअर आझादी’ मोर्चा निघाला, त्याच्या नावातही मजा होती: इंग्रजांची जुनी शिवी आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनीच १८६० मध्ये दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलम, दोन्ही स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना परत. तो शब्द मोर्चेकऱ्यांचा होता. त्यांनी तो निवडला होता. तिथे मी कोण नाक मुरडणारा?

पण तरुणाने ‘आई, मी क्विअर आहे’ म्हटल्यावर आई विचारणार, म्हणजे काय? तिथून पुढचं सगळं मराठीतच बोलावं लागतं, आणि तिथे आपण तिच्या हाती फार थोडे शब्द ठेवले आहेत. उसन्या शब्दाने बोलणाऱ्याची पहिली पायरी सोपी झाली, ऐकणाऱ्याची झाली नाही.

शिवाय मोठ्या छत्रीखाली काय काय झाकलं जातं तेही पाहायला हवं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय असावा, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला तशी तजवीज करायला लावली. हा लढा नोकरीचा होता, ओळखपत्राचा होता. समलिंगी जोडप्याचा लढा घराचा, वारसाचा, दवाखान्यात सही कुणी करायची याचा. बातमीत दोन्हींना ‘क्विअर समुदायाच्या मागण्या’ म्हटलं की वाचकाला वाटतं, हे सगळे एकाच रांगेत उभे आहेत आणि एकच गोष्ट मागताहेत. सिग्नलवर पैसे मागावे लागणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला हे नाव हवं आहे का, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. बहुतेक वेळा ते बातमीदाराने विचारलेलं नसतं, कारण इंग्रजी प्रसिद्धिपत्रकात ते आयतं छापून आलेलं असतं.

मराठीत शब्द नाहीत, ही सबब चालणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना ते सरळ मराठीत उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, पण जे बोलायचं ते मराठीत बोलून झालं होतं, आणि तेही न्यूयॉर्कला क्विअर नेशन सुचण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी संस्था काढली तिचं नाव ठेवलं ‘समपथिक’. किती साधा शब्द! त्यात शिवी नाही, वैद्यकीय वास नाही, परकेपणा नाही. ‘तृतीयपंथी’ हा शब्दही कुणीतरी घडवलाच, आणि आज तो शासन निर्णयापासून चहाच्या टपरीपर्यंत कळतो. ‘समलिंगी’ कोरडा आहे, मान्य. पण कोरडे शब्द वापराने ओलावतात. ‘घटस्फोट’ काय कमी रुक्ष होता?

‘बायल्या’ ही शिवी कुणी अभिमानाने मिरवावी, असं मी सुचवत नाही. ज्याला ती लागली आहे तोच ते ठरवेल, आणि कदाचित कधीच ठरवणार नाही. बाकीच्यांनी करायचं काम वेगळं आहे. ती शिवी शाळेत ऐकू आली की मास्तरांनी तिथल्या तिथे थांबवायची. बातमी लिहिताना समोरच्याला विचारायचं, तुमच्याबद्दल काय लिहू? क्विअर म्हणाला तर क्विअर, गे म्हणाला तर गे, समलिंगी म्हणाली तर समलिंगी, आणि ‘काहीच लिहू नका, नुसतं नाव लिहा’ म्हणाली तर तेही. यात वेळ जातो, मथळ्यात अक्षरं वाढतात, हे खरं. पण ‘समुदाय’ हा शब्द मथळ्यात टाकून वाचवलेली जागा कुणाच्या तरी नावाची असते.

हा वाद पुस्तकी वाटत असेल तर बँकेत चला. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने कळवलं की ‘क्विअर समुदाया’तल्या व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला, आणि क्विअर नात्यातल्या जोडीदाराला नामनिर्देशित करायला कसलीही आडकाठी नाही. चांगली गोष्ट आहे. समजा, तालुक्याच्या शाखेत दोन बायका खातं उघडायला गेल्या. संयुक्त खात्याला दोघींची नावं, कागदपत्रं आणि सह्या लागतात, विशेषण लागत नाही. नामनिर्देशनाच्या अर्जात मात्र एक रकाना असतो: खातेदाराशी नातं. तिथे ‘क्विअर’ लिहून भागत नाही, कारण ते नातं नव्हे. ‘मैत्रीण’ लिहिलं तर खोटं होतं, ‘बहीण’ लिहिलं तर आणखी खोटं. मराठीत त्या रकान्यासाठी एक जुना, रोजच्या वापरातला शब्द आहे, जो बाईलाही चालतो आणि पुरुषालाही: जोडीदार. तो शब्द अर्जाच्या छापील पर्यायांत घालायला बँकांना कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.